सातवी ओळ

कसबा पेठेत, मोबाइलच्या दोन दुकानांच्या मधे, कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात. कॉलेजचे कॅमेरे घेऊन मी तिथे नेहमी जातो. ते "या" म्हणत नाहीत, "आता काय मोडलंत?" म्हणतात. मग चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून स्क्रू फिरवतात. तेवढा वेळ समोरच्यानेही बोलायचं नाही.

या वेळी मोडलं काहीच नव्हतं. आमच्या डिजिटल रेंजफाइंडरवर, म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघून हाताने फोकस करायच्या कॅमेऱ्यावर, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं, की डोळ्यांवर फोकस करूनही माझ्या फोटोंत डोळे धूसर आणि कान स्पष्ट येत. आमचे फोटोग्राफीचे सर म्हणाले होते, "तुझी नजरच कच्ची आहे. प्रोजेक्टला हा कॅमेरा मिळणार नाही." आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मला ते खरंच वाटलं.

काकांनी वर्तमानपत्र तिरकं लावलं, कॅमेरा स्टँडवर बसवला आणि पाचव्या ओळीवर फोकस केला. फोटोत मागची सातवी ओळ स्पष्ट आली. मग मला करायला लावलं. माझीही सातवीच.

"दोघांचा नेम सारखाच चुकला. मग चुकतंय कोण?"

"काका, मग करा ना दुरुस्त."

"अहो, दुरुस्त केल्यावर दाखवणार काय? आधी सरांना आणा."

सरांना विचारायला मला दोन दिवस लागले. पण ते आले. त्यांनी पाचव्या ओळीवर दोनदा नीट फोकस केला. स्क्रीनवर सातवी ओळ.

मला वाटलं, आता काका टोमणा मारणार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि म्हणाले, "आता कोणी बोलू नका."