याद राखलेला उंबरा

जयवंतीबाईंच्या वास्तुशांतीला गेलो तेव्हा मी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि संडासात शिरलो. शिरलो म्हणजे शिरू पाहिलं. आत बाईंच्या वखारीतला म्हातारा रुडॉल्फ होता आणि कडी लावायची त्याला सवय नव्हती.

"अरे बाबा, प्रसाद पुढच्या दाराला!" तो ओरडला.

दचकून माझ्या हातातला नारळ निसटला आणि घरंगळत आत गेला. रुडॉल्फने तो सद्भावनेने बाहेर सरकवला. पुढे तो नारळ कुणी फोडला, हे मी विचारलं नाही.

आता यात चूक माझीच. पण माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत? चिंचोटीच्या त्या घराला बाजूच्या वाटेने आलं की दोन दारं दिसतात. एक साधं, हिरव्या ऑइलपेंटचं, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'इयत्ता चौथी, तुकडी ब'. दुसरं जुन्या सागाचं, कमळं कोरलेलं, पितळी कड्यांचं, चांगला वीतभर उंबरा असलेलं. घरात शिरायला माणूस कुठल्या दाराशी जाईल? मी कमळांकडे गेलो. घर मात्र चौथी ब मध्ये होतं.

जयवंतीबाईंची जुन्या सामानाची वखार आहे. वसईपासून विरारपर्यंत कुठेही तोडकाम निघालं की दारं, खिडक्या, कौलं, फरशा, गज असं सगळं त्यांच्याकडे येतं. स्वतःचं घरही त्यांनी त्यातूनच उभं केलं. कौलं एका पडक्या गिरणीची. जिना एका बंद पडलेल्या थिएटरचा. त्याच्या पायऱ्यांवर अजून बाल्कनीचे आकडे आहेत. ओटा एका बँकेच्या काउंटरचा. त्याच्या पलीकडे उभं राहून लोक पूर्वी ताटकळायचे, तिथे आता बाई भाकऱ्या थापतात आणि जेवायला आलेला माणूस सवयीने रांगेत उभा राहतो. नवी म्हणावी अशी घरात एकच वस्तू, विजेचा मीटर.

पण ते कमळांचं दार बाईंच्या लेखी नुसतं सामान नव्हतं.

जयवंती लग्न होऊन भुईगावच्या वाडीत आली ती याच दारातून. उजव्या पायाने तांदळाचं मापटं लवंडून. नवरा दयाराम वाडी बघायचा, ती फुलं खुडायची, केळीची लोंगरं बैलगाडीत लादायची. संध्याकाळी उंबऱ्यापाशी पणती लावायची. एकदा वारा आडवा आला आणि चौकट डाव्या बाजूला खाली जराशी करपली. सासूबाई त्या डागावरून जन्मभर बोलल्या.

दयाराम गेला. त्याचं तेरावं उरकलं आणि धाकट्या दिराने, चंद्रहासने, चार माणसांसमोर तिची ट्रंक ओटीवर आणून ठेवली. मूलबाळ नाही, नवरा नाही, मग वाडीत हिचं काय, असा त्याचा हिशेब. तोवर वहिनी, वहिनी करणारा माणूस एकदम एकेरीवर आला.

"पुन्हा ह्या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर याद राख!"

जयवंतीने याद राखली. चंद्रहासला ते तेव्हा कळलं नाही. लोक बोलून जातात; ती बाई शब्द जपून ठेवणारी.

ती चिंचोटीला मामाकडे आली. पावसाळ्यात धबधब्याला येणाऱ्यांना भजी तळून दिली. मग रुडॉल्फच्या तोडकामावर गेली. रुडॉल्फ वसईचा. तोडायचं काम करूनही त्याला काही फेकवत नसे. वाकडे खिळे सरळ करण्यापासून तिने सुरुवात केली. भिंतीतून चौकट न चिरता कशी सोडवायची, सागाला वास कसा येतो, हे सगळं तिने उचललं. "बाय, तुझ्या हातात राग आहे," रुडॉल्फ म्हणायचा, "म्हणून खिळा लवकर सरळ होतो." म्हातारपणी त्याने वखार तिच्याकडे सोपवली आणि स्वतः खुर्ची टाकून सूचना देण्याचं अवघड काम पत्करलं.

मग एक दिवस टेम्पो आला. चंद्रहासने जुनं घर पाडून स्लॅबचा बंगला बांधायला घेतला होता. पुढे ग्रॅनाइट आणि चकचकीत फ्लश डोअर. जुनं लाकूड त्याने भंगारात काढलं आणि भंगारवाल्याला काय ठाऊक, त्याने ते हिच्या वखारीत आणून ओतलं. जयवंती ताडपत्री ओढायला गेली आणि तिचा हात थेट त्या करपल्या डागावर पडला.

त्या दाराला गिऱ्हाइकं पुष्कळ आली. मुंबईहून गाड्या आल्या. ती मान हलवायची. "कुठं लावणार मग?" रुडॉल्फ वैतागायचा. घर बांधायला काढलं तेव्हा त्याला उत्तर मिळालं. वरची गणेशपट्टी तिने सोडवून चौथी ब वर बसवली, कारण गणपतीशी तिचं भांडण नव्हतं. बाकी चौकट, कमळं, उंबरा, सगळं मोरीपलीकडच्या संडासाला.

"सकाळी उठलं की पहिला पाय तिथेच पडतो," ती म्हणायची, आणि हे सांगताना तिचा चेहरा काशी करून आल्यासारखा प्रसन्न व्हायचा.

आता गंमत अशी की काळ फिरला. चंद्रहासची सून उन्नती आर्किटेक्ट. तिने बंगल्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या ठरवल्या. नवीन सिमेंट शक्यतो नको, जुनं लाकूड, जुनी कौलं, मातीचा गिलावा. "बाबा, घराचं मूळ दार कुठेय?" तिने विचारलं. बाबांनी ते भंगारात दिल्याचं सांगितलं. त्यानंतर काही दिवस सुनेने त्यांना चहा दिला, पण साखर विसरून.

दाराचा शोध घेताना तिला वसईच्या बाजारात रुडॉल्फ भेटला. तो गोड आवाजात म्हणाला, "दार हाय ना. जयवंतीकडे. अगदी रोजच्या वापरात."

एका रविवारी सासरा-सून चिंचोटीला आले. जयवंतीने त्यांना ओटीवर बसवलं, दोनदा चहा दिला आणि वर नारळपाणी. चंद्रहासला मधुमेह, रस्ता खड्ड्यांचा, वय झालेलं. थोड्या वेळाने तो चुळबुळू लागला. विषय दाराचा काढायचा होता, पण आधी दुसरीच निकड आली.

"जरा... कुठे आहे?"

"मोरीच्या पलीकडे," जयवंती म्हणाली. ती ओट्याजवळच्या खिडकीत जाऊन उभी राहिली. याच घटकेसाठी तिने ती खिडकी तिथे ठेवली होती की काय, देव जाणे.

चंद्रहास वळला आणि थांबला. समोर त्याच्या बापाचं दार. लहानपणी ज्या कमळांवर बोटं फिरवली ती कमळं. उंबऱ्याची झिजलेली कड. त्याने एक पाय उचलला, परत खाली ठेवला. अभिमान एकीकडे ओढत होता, मधुमेह दुसरीकडे.

"ठेवा पाय, भावोजी," खिडकीतून आवाज आला. "माझ्याकडे कुणाला मनाई नाही."

मधुमेह जिंकला.

तो बराच वेळाने बाहेर आला. हातपाय धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. ओटीवर येऊन बसला आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, ते दार द्या."

वहिनी! जयवंतीने तो शब्द ऐकला, सागाचा वास घ्यावा तसा जरा आत ओढला, खरा आहे का बघितलं.

"देते. पण उंबऱ्यासकट. बसवायला मी येणार. आणि बसलं की पहिला पाय माझा, उजवा. मापटं भरून ठेवायचं. माझी ट्रंक ज्या चार माणसांपुढे काढलीत ना, ती चार माणसं बोलवायची."

"त्यातले दोघे गेले."

"त्यांची पोरं बोलवा."

"अहो, पण विधवेनं मापटं... लोक काय म्हणतील?"

"ट्रंक काढताना विचारलं होतंत लोकांना?"

चंद्रहासने सुनेकडे पाहिलं. उन्नती टेपने उंबऱ्याची लांबी मोजून आली होती. टेप खटकन आत गेली. "मापटं मी भरीन, काकी," ती म्हणाली. "बाबा, फक्त हो म्हणा."

चंद्रहास हो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की जयवंतीने ते पुन्हा म्हणायला लावलं.

ही सगळी हकिगत जयवंतीबाईंनी मला वखारीत बसून सांगितली. एकीकडे खिळे सरळ करणं चालूच होतं. मी भारावलो. सूड, सन्मान, एका उंबऱ्याची घरवापसी, असलं काहीबाही बोलूनही गेलो. मग मला त्या नारळाची आठवण झाली.

"पण बाई, दार भुईगावला गेलं की तुमच्या संडासाला काय?"

त्यांनी एक खिळा दगडावर ठेवला, हातोडी मारली आणि मान वर न करता म्हणाल्या,

"त्यांच्या बंगल्याचं निघेल ना, ते."