टॉवेलाखालचा आकडा

आपल्या शेजारच्या गुळवाल्या आजोबांइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नाही. जन्मभर त्यांनी गुळाची अडत केली. त्यांच्या उमेदीत सौदा टॉवेलाखाली व्हायचा: दोघांनी हातात हात घालायचे, वर टॉवेल टाकायचा आणि भावाचा आकडा बोटं दाबून सांगायचा. भोवती गर्दी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. पुढे बाजाराची रीत बदलली, पण आजोबांच्या खांद्यावरचा टॉवेल हलला नाही. बँकेच्या मशीनपुढे ते तो डोक्यावरून ओढून उभे राहत आणि मागच्यांना वाटे, म्हाताऱ्याला घेरी आली. मोबाइल उघडायचा गुप्त आकडा दाबताना तर कठड्यावरच्या कावळ्यालाही हाकलत.

त्या मोबाइलमध्ये त्यांची बायको होती. ती गेली, पण तिनं पाठवलेला एक निरोप तिच्या आवाजात राहिला होता: "अहो, ऐकताय का? येताना कोथिंबीर आणा. पिवळी नको." रोज दुपारी चहाआधी आजोबा तो लावत आणि मोठ्यानं उत्तर देत, "ऐकतोय की! आणतो की!" भिंतीपलीकडे मला स्पष्ट ऐकू येई.

मी एकदा म्हटलं, "तो आकडा लेकीला तरी सांगून ठेवा. तुम्हाला काही झालं तर हा आवाज आतच राहील."

"बाई, तुमी शिकलेल्या. तोंडातनं भाईर पडलेला आकडा गावाचा हुतोय. कागद उडतोय. आन् फोनवर तर न्हाईच!"

पण लेक सांगलीहून आली तेव्हा आमच्याच व्हरांड्यात त्यांनी तिचा हात धरला आणि वर टॉवेल टाकला. ती लाजून लाल झाली. "अण्णा, सोडा की! लोक बघाय लागल्यात."

"बघू देत. काय कळतंय त्यास्नी? सांग, किती झालं?"

चुकली की पुन्हा पहिल्यापासून. चहा गार झाल्यावर कुठे सौदा पटला. आणि पुढे काय व्हावं? जावयानं फोनवर सहज चेष्टेत विचारलं, "मामा, आकडा किती हो?" त्याच दिवशी आजोबांनी आकडा बदलला. नवा आकडा लेक पुढच्या वेळी आली की द्यायचा होता.

त्याआधीच त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात मोबाइल बंद पडला आणि चालू केल्यावर आकडा मागू लागला. लेकीनं जुना घातला. चूक. पुन्हा घातला. चूक. "आईचा आवाज गेला हो, मावशी," म्हणून ती मला धरून रडू लागली. आजोबा बघत होते. त्यांचा डावा हात खांद्यावर टॉवेल चाचपू लागला. मी लेकीचा हात त्यांच्या हातात दिला आणि उशाशी घडी करून ठेवलेला टॉवेल वर टाकला.

बोटांत जोर नव्हता. खोलीत आम्ही तिघंच होतो, तरी त्यांचं लक्ष दाराकडे.

लेकीनं बोटांवरून कळलेला आकडा घातला, मोबाइल उघडला आणि निरोप लावला. "अहो, ऐकताय का?"

आजोबांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. टॉवेल मात्र जरासा हलला. लेक म्हणाली, "ऐकतोय म्हणत्यात."

त्याच आठवड्यात ते गेले. आता दुपारी भिंतीपलीकडे काही ऐकू येत नाही.

बाळांनो, माझ्या मोबाइलमध्येही तुमच्या आजोबांचा आवाज आहे. त्याचा आकडा तुम्ही परवा फोनवर विचारलात. फोनवर नाही सांगायची. धुतलेला टॉवेल काढून ठेवला आहे. या, आणि जवळ बसा.