शाळेवरचा पांढरा पत्रा

गावातल्या जुन्या शाळेच्या पत्र्यावर यंदा पांढरा रंग मारला, आतून छत ठोकलं आणि नवे पंखे बसवले. दरवर्षी उन्हाळ्यात माझ्या नातीचा, सुमीचा, वर्गातच घोळणा फुटायचा. सून म्हणाली होती, "पुन्हा नाकातून रक्त आलं तर शाळा बंद." म्हणून आज भर दुपारी मी वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

आत पोरं पाढे म्हणत होती. खिडकीतून गार वारा तोंडावर आला. याच वर्गात मी चौथीपर्यंत शिकले. सकाळी सुटणारी गणितं दुपारी सुटायची नाहीत. मास्तर म्हणायचे, "हिच्या डोक्यात भुसा भरलाय." मी ते जन्मभर खरं मानलं. डोकं ठीकच होतं की, वर पत्रा तापायचा! मला एकटीलाच हसू आलं.

सुमीनं वळून पाहिलं. नाक स्वच्छ होतं.

"आजी, जा ना घरी! पोरी हसतायत."

"हसू देत. डोकं दुखतंय का?"

"नाही गं. तुझ्यामुळे माझा सतराचा पाढा चुकला."

मी घरी आले आणि सुनेला सांगितलं, "पोरगी आता सातवीपर्यंत तिथून हलायची नाही."