ऊसतोडीला गेलेल्या बाईचं खातं

आष्टीतल्या माझ्या संगणक वर्गात ऊसतोड करणारी एक बाई टायपिंग शिकायची. दिवाळीनंतर ती कारखान्यावर गेली. आता ही कशाची परत येते, म्हणत मी शहाण्यानं संगणकावरचं तिचं खातं काढून टाकलं.

गुढीपाडव्याला ती हजर! मी घाईघाईनं त्याच नावाचं नवं खातं केलं. जुन्या फायली समोर दिसत होत्या, पण उघडेनात.

"सर, नाव तर माझंच हाय, मग कावून उघडंना?"

संगणक नाव बघत नाही, खात्यामागचा नंबर बघतो, आणि तो प्रत्येक नव्या खात्याला वेगळा मिळतो. नव्या नंबराची ती त्याला परकीच. स्वतःवर चरफडत मी सगळ्या फायली तिच्या नव्या नंबराच्या मालकीच्या केल्या.

आता दिवाळीनंतर मी खाती नुसती बंद ठेवतो, काढून टाकत नाही. यंदा जाताना तिनं एक कोरी फाईल करून ठेवलीय. नाव दिलंय, 'आल्यावर शिकायचं'.