न्हाणीघराखालचा पाट

त्या वर्षी चैत्र संपायच्या आतच आमच्या रस्त्यावरच्या विहिरी तळाला गेल्या. दोर संपायचा, घागर खालच्या दगडावर आपटायची आणि वर यायचा तो चिखल. रस्त्यामागचं देवळाचं तळं तर चार-पाच वर्षं कोरडंच होतं. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातली मी, कुंभकोणमच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. तळं भरलं की आसपासच्या विहिरींना पाझर लागतो, हे फळ्यावर चित्र काढून सांगत असे. एकदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, मग आपलं तळं कुणी भरत का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की मला राग येतो.

राग तसा माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असे. त्याच रागात मी नगरपालिकेत अर्ज घेऊन गेले. तळ्याला कावेरीचं पाणी आणणारा पाट आमच्या घरांच्या परसांतून जायचा. तो गाळानं आणि कचऱ्यानं बुजला होता. तिथले साहेब म्हणाले, कुदळी-घमेली देतो, माणसं देता येणार नाहीत. मी म्हटलं, माणसं मी आणते.

आणली. अठरा घरं, दर घरातून एक माणूस, रोज सकाळी कामावर जाण्याआधी दोन तास. निघालेला गाळ ज्याच्या त्याच्या नारळा-केळींना. पाटात कुणी उष्टंखरकटं टाकायचं नाही, भांड्यांचं पाणी केळींच्या आळ्यात ओतायचं, असाही हुकूम मी काढला होता. बायका मला पाठीमागे 'कलेक्टर' म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

खणण्यावर देखरेख एका म्हाताऱ्या नीरकट्टीची होती. नीरकट्टी म्हणजे नदीवरच्या दारापासून पाटापाटाला पाणी सोडणारा आणि बांधणारा माणूस. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. तो फार बोलत नसे. एवढंच म्हणाला होता, "नदीला पाणी आलं की पहिले आठ दिवस तळ्याचे. मग पाणी शेतांकडे वळतं. त्या आठ दिवसांत पाट मोकळा नसेल तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा."

तळ्याकडून खणत खणत आम्ही नदीच्या दिशेनं निघालो. आमचं घर नदीकडचं शेवटचं; ते दोन घरांवर आलं तेव्हा अप्पांचं, माझ्या वडिलांचं, जेवण तुटलं. भात कालवायचे आणि तसेच उठायचे. अप्पा तालुका कचेरीत जमिनीच्या नकाशांच्या विभागात होते. कोणी सरकारी जागेत किती हात पुढे सरकलंय, हे साखळी टाकून मोजणं हे त्यांचं काम. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

त्या संध्याकाळी ते मला परसात घेऊन गेले. तिथे पाटावर त्यांनी पाच वर्षांपूर्वी आईसाठी न्हाणीघर बांधलं होतं. आईला हत्तीपाय झाला होता. आमच्या गावात तो पुष्कळांना होतो, पण तळ्याच्या पायऱ्या उतरताना लोक पायाकडे बघतात हे तिला सोसत नसे. तेव्हा मी ट्रेनिंगला तंजावरला होते. परत आले तर न्हाणीघर उभं. खालून पाण्याला मोरी ठेवलीय असं अप्पांनी सांगितलं, आणि मी सुखावले.

"मोरी नाहीं," अप्पा म्हणाले. "विटा-चुना घालून बुजवलों मी."

"ठेवलों म्हणून सांगितलांत की, अप्पा!"

"सांगितलों. त्या पाण्यांतच डांस होतात म्हणत होते सगळे. तुज्या आईचा पाय बघितलीस ना?"

वाहत्या पाण्यात डास होत नाहीत, तुंबलेल्या पाण्यात होतात, हे मी मुलींना दरवर्षी शिकवत होते. घरी सांगायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या सकाळी खणणारे आमच्या परसात शिरले. नीरकट्टीनं न्हाणीघराच्या भिंतीला पहार टेकवली आणि विचारलं, "रायर, खालून मोरी आहे ना?" आमच्या मराठी घरांतल्या पुरुषांना तिथं सगळे रायरच म्हणतात.

अप्पांनी तमिळमध्ये, कचेरीतल्या आवाजात सांगितलं, "होती, ती ढासळली. ती मोकळी व्हायची नाही. नकाशात मूळ पाट बाजूच्या गल्लीतून आहे. तिथून खणा."

नकाशावाल्या माणसानं सांगितलं, मग कोण वाद घालणार? मीच घातला, आमच्या घरच्या मराठीत, सगळ्यांच्या देखत. आम्हाला ती सवयच होती. बाजारात भाव पाडायचा असो की पाहुण्याला कटवायचं असो, चारचौघांत आम्ही मराठीत बोलून घ्यायचो. आवाजसुद्धा खाली आणत नसू.

"खोटें कां सांगतां? तुम्हीच बुजवलांत ना?"

"गप बैस. हापिसांत कळलें तर पेन्शन जाईल. दुसऱ्यांचीं घरें मोजतों मी. माझ्याच घरांत हें निघालें तर तोंड कोठें दाखवूं?"

सगळे घामेजलेल्या चेहऱ्यांनी आमच्याकडे बघत उभे होते. शेजारचे तमिळ मामा, नात्याचे नव्हेत, कॉफीपुडीचं दुकान असलेले, आकाशाकडे बघत होते. नीरकट्टीनं माझ्याकडे बघून विचारलं, "काय करायचं, टीचरम्मा? गल्ली?"

आणि मी तमिळमध्ये म्हणाले, "गल्ली."

तो शब्द माझ्या तोंडून गेला. अप्पांच्या माथी मी तो मारू शकत नाही.

गल्ली म्हणजे जुन्या विटांचा आणि दगडांचा भराव. तीन दिवसांत कमरेइतकाही खड्डा होईना. माणसं दोन तासांऐवजी चार तास राबू लागली. मामा दुकान उशिरा उघडू लागले. कोणी कुरकुरलं नाही, आणि त्यानंच माझा जीव अर्धा झाला. मी शाळेत मुलींवर उगाच डाफरत होते. घरी अप्पा आणि मी एकमेकांची नजर चुकवत होतो. आई दोघांना वाढायची आणि न्हाणीघराचं दार लावून बराच वेळ आत बसायची.

तिसऱ्या दिवशी बसवाल्यांनी बातमी आणली: पाणी पापनाशमला पोहोचलं. म्हणजे उद्या आमच्याकडे.

सगळे न्याहारीला घरी गेले होते. नीरकट्टी आमच्या मागच्या पायरीखाली बसून पाणी पीत होता. मी गल्लीतला तो खड्डा बघत उभी होते. हातून काही होणार नाही हे मला कळून चुकलं होतं. तेव्हा मागून आवाज आला.

"पाणी उद्यां येतें, टीचरम्मा. फरशी फोडूंया काय?"

तमिळ नव्हती. आमची मराठी होती, आमच्या घरातली, अगदी आमच्या हेलाची. नीरकट्टीची आई मराठी घरांतून भात कांडायची, तो तिच्या पाठीवर वाढला, असं त्यानं सांगितलं. "तीन दिवस वाट बघितलों. तुम्ही नाहीं तर रायर, कोणीतरी बोलेल म्हणून."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी आत जाऊन अप्पांना सांगितलं, "त्याला सगळें कळलेंय." आई स्वयंपाकघरातून पाय ओढत बाहेर आली. तिनं बहुधा सगळं ऐकलं होतं.

"फोडा," ती म्हणाली. "माझ्या पायासाठीं रस्त्याची तहान नको."

लोक परत आले तेव्हा अप्पा न्हाणीघरात पहार घेऊन उभे होते. त्यांनी तमिळमध्ये, एकाही शब्दाची सबब न सांगता, सांगितलं की पाट मी बुजवला आणि गल्लीचं खोटं सांगितलं.

फरशी दुपारपर्यंत निघाली. दुसऱ्या दिवशी पाणी तळ्यात पडलं. कचेरीत कोणी चहाडी केली नाही आणि अप्पा मानानं निवृत्त झाले. हे सगळं चांगलंच झालं. पण मला अजून छळतो तो त्या सकाळचा पहिला घाव.

अप्पांनी पहार मारली ती घसरली. दुसऱ्यांदा मारली, तरी टवकासुद्धा उडाला नाही. तेव्हा गर्दीतून मामा पुढे झाले. त्यांच्या आणि आमच्या घरांत एक भिंत होती. आमच्याशी जन्मभर तमिळ बोललेल्या त्या माणसानं अडखळत्या मराठीत म्हटलं, "कडेनें मारा, रायर. कडेला चुना कमी पडला म्हणून तुम्ही आक्काला सांगत होतांत. तेव्हां."

तेव्हा, म्हणजे पाच वर्षांपूर्वी. आक्का म्हणजे माझी आई; ते बोलणं मामांनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

अप्पांनी पहार खाली ठेवली. रस्त्यात सगळ्यांत आधी मामांची विहीर आटली होती. पाच उन्हाळे त्यांची बायको आमच्या विहिरीवर घागर घेऊन यायची, आणि आम्ही तिला पाणी द्यायचो, उपकार केल्यासारखं.