एका दिवसापुरती माझी

बॉबिनरावांबद्दल मला फार काही माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा जप्तीच्या कागदावर वाचलं. बायको कधी गेली, मुलगी कुठल्या गावात दिली, हे त्यांनी सांगितलं होतं, पण मी तेव्हा ‘अरेरे’ आणि ‘वा’ यापलीकडे काही बोललो नसेन. मागच्या महिन्यात ते मुलीकडे वारल्याचं कळलं. तेव्हापासून ‘चार ओळी लिहा’ असं टुमणं हिने लावलंय. गल्लीत दुसरं कुणी लिहिणारं नाही, म्हणून बसलो.

गल्लीच्या टोकाला जिन्याखाली त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. शर्टाच्या खिशात कायम मशीनच्या दोऱ्याचं बॉबिन, म्हणून ते बॉबिनराव. दुकानाला पूर्वी पाटी होती. पुढे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की व्यवसाय कर पाटीवर असतो. पाटी नाही तर कर नाही. त्यांनी त्याच दिवशी पाटी उतरवली, उलटी करून तिची फळी केली आणि कर भरायचं सोडून दिलं. यात लबाडी असती तर एवढ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत सुटले नसते.

दुसरी त्यांची एक रीत होती. मशीन दुरुस्तीला टाकलं की समोरच्या बाईचं काम अडू नये म्हणून ते लगेच दुसरं मशीन काढून द्यायचे. ‘तोवर हे चालवा, वहिनी.’ हे दुसरं म्हणजे कुणाचं तरी दुरुस्त होऊन पडलेलं. ती मालकीण आली की तिला तिसरंच. टाके नीट पडत होते, त्यामुळे कुणी कुरकुर केली नाही. जप्ती आली त्या वर्षी आमचं मशीन दुकानात पडून होतं आणि घरी चालत होतं ते चौकातल्या शिंपिणीचं होतं. आणि शिंपीण शिवत होती बॉबिनरावांच्या स्वतःच्या मशीनवर.

एका सकाळी कर खात्याची माणसं टेम्पो घेऊन आली. दुकानातली सगळी मशिनं उचलली आणि दाराला सील ठोकलं. मुदतीत थकबाकी भरा, नाहीतर लिलाव. बॉबिनराव टेम्पोच्या मागे धावत होते. “अहो, ते हळू ठेवा! शाळेतल्या बाईंचं आहे ते, त्याचं चाक सैल आहे!”

संध्याकाळी ते आमच्याकडे आले.

“माझं जाऊ द्या हो अण्णा. पण लोकांची मशिनं लिलावात गेली तर मी कुठल्या तोंडाने गल्लीत फिरू? तुम्ही कचेरीत नोकरी केलीत. चला ना माझ्याबरोबर.”

मी पाणीखात्यात पावत्यांवर शिक्के मारायचो. कुणाशी दोन शब्द वाढवून बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. पण सकाळी हिने माझ्या चपला दारात नेऊन ठेवल्या.

कर कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली, “वरच्या मजल्यावर.” वरच्याने खाली पाठवलं. बॉबिनरावांचे गुडघे आणि माझा दम, असे आम्ही त्या जिन्यात दोघे नव्हे, चौघे होतो. साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी दौऱ्यावर. एकदाचे भेटले.

“यातलं तुमचं मशीन कुठलं?”

“एकही नाही साहेब. सगळी लोकांची. हवं तर लिहून देतो.” आणि तिथेच त्यांनी ते लिहून दिलं.

“मग तुमच्याकडे स्वतःचं काहीच नाही?”

“एक आहे ना. ते शिंपिणीकडे आहे.”

“म्हणजे जप्तीआधी मालमत्ता दुसरीकडे हलवलीत?”

बॉबिनराव माझ्याकडे बघू लागले आणि मी पंख्याकडे.

साहेबांनी फर्मावलं, मालकांनी स्वतः यावं, बिल दाखवावं, मशीनवरचा नंबर जुळवावा. शिंपिणीने कुठून तरी जुना गॅरंटीचा कागद शोधून आणला. खात्याच्या गोदामातल्या एकाही मशीनशी तो नंबर जुळेना. जुळणार कसा? मी हळूच सांगितलं की तुमचं आमच्याकडे आहे.

“माझं मशीन तुमच्या घरात आणि मी इथे रांगेत?” ती कडाडली. “वर्षभर चालवताय आणि एकदा चहाला बोलावलं नाहीत!”

साहेबांनी डोक्याला हात लावला. “याचं त्याच्याकडे, त्याचं तिसऱ्याकडे! हे दुकान आहे की संगीत खुर्ची?”

आमच्या मशीनचं बिल तर नव्हतंच. “माझ्या वडिलांनी दिलेल्या वस्तूचं बिल मागतात,” ही घरी येऊन म्हणाली. “उद्या नवऱ्याचं मागतील. ते ठेवलं असतं तर कधीच परत करून आले असते.”

शेवटी बॉबिनरावांनी दुकान घरमालकाला परत करून अनामत घेतली. तरी कमी पडले, तेव्हा स्वतःचं मशीन शिंपिणीच्या भाचीला विकलं. थकबाकी भरली, शिक्का बसला. आता सुटलो असं वाटून गोदामाच्या खिडकीशी गेलो.

“मशिनं मिळणार नाहीत,” तिथला कारकून म्हणाला.

“अहो, पैसे भरलेत!”

“भरलेत. पण ही तुमची नाहीत असं तुम्हीच लिहून दिलंय. दुसऱ्याचा माल तुमच्या ताब्यात कसा देऊ? आणि मालकांकडे पुरावा नाही. कुणी दावा सिद्ध केला नाही तर बेवारस म्हणून लिलाव.” मग जरा वाकून म्हणाला, “काका, सगळी माझी आहेत असं लिहा. आत्ता सोडतो.”

बॉबिनराव ओरडले. त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. “लोकांचं माझं म्हणू? ही चोरी झाली! तुम्ही केलीत ती पुरेशी नाही का?”

रांगेतले सगळे वळून बघायला लागले. मी त्यांना बाही धरून ओढत बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी ते दारोदार फिरले. प्रत्येक मालकिणीला एकच विचारत होते. “तुमचं मशीन एका दिवसापुरतं माझं म्हणू का?” शाळेतल्या बाई म्हणाल्या, “म्हणा हो, आणि जमलं तर चाकही घट्ट करा.” कुणीच नाही म्हटलं नाही. तरी त्या कागदावर सही करताना त्यांनी मान वर केली नाही.

मशिनं आली. त्यांनी ती गल्लीतच मांडली, घरोघरची अदलाबदल केलेली परत मागवली, आणि ज्याचं त्याला पोचवलं. शाळेतल्या बाईंचं चाकही घट्ट केलं. एवढ्या मशिनांचा मालक म्हणून सरकारदरबारी ज्याची नोंद झाली, त्याच्याकडे मात्र एक पान्हा आणि तेलाची कुपी उरली.

आमचं त्यांनी सगळ्यात शेवटी आणलं. दुपारच्या गाडीने ते मुलीकडे जायचे होते. मला काहीतरी बोलायचं होतं, बरंच काही, पण मी म्हटलं, “चहा?”

“नको, गाडी चुकेल.” दारात थांबून त्यांनी खिशातलं बॉबिन चाचपलं. “अण्णा, तेल जरा जास्तच घातलंय. वहिनींना म्हणावं, आधी जुन्या फडक्यावर चालवा, नाहीतर कापडाला डाग पडतील.”

“सांगतो,” मी म्हटलं.