डॅश आर

कारखाना सुरू झाला की मळीचा वास देवळाली प्रवरातल्या आमच्या ऑफिसात येऊन बसतो. आज तो वास असतानाच वीज गेली आणि कॉम्प्युटरवरची माझी अर्धी फाईल तशीच राहिली. वीज आल्यावर एडिटर सुरू करताना मी कमांडला डॅश आर जोडलं. तसं केलं की सेव्ह न केलेलंही बहुतेक परत येतं.

राहुरीच्या कॉलेजात शिकत होते तेव्हा एकदा लॅबमध्येही असाच वास भरला होता. प्रोजेक्टमधली माझी जोडीदार नंदा टाईप करत होती, मी शेजारी बसून वाचून दाखवत होते. संध्याकाळी राजूरहून तिचे मामा आले आणि टोपी हातात धरून दारातच उभे राहिले.

"चल पोरी, गाडी उभी हाय. आई लई आजारी हाय."

"फाईल सेव्ह करू का?" नंदाने विचारलं.

"ऱ्हाऊ दे आता."

ती गेली. सेव्ह करायला मी हात पुढे केला, तेवढ्यात वीज गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलवर निरोप आला. नंदाची आई आदल्या दिवशी दुपारीच वारली होती. नंदा आता धाकट्या भावंडांपाशीच राहणार होती.

लॅबमध्ये सरांनी मला डॅश आर शिकवलं. नंदा जिथे उठली होती, त्या अर्ध्या शब्दापर्यंतचं सगळं पडद्यावर आलं.

"बघ, काहीसुद्धा गेलं नाही," सर म्हणाले.

मी "हो सर" म्हटलं आणि तिचा शब्द पूर्ण केला. कोणता शब्द होता, ते आता आठवत नाही.